पाठीवरचे आडनाव

फुटबॉलच्या खेळात एका बाजूच्या अकरा जणांनी एका रंगाचे सदरे घालावे व दुसऱ्या बाजूने निराळ्या रंगाचे घालावे, याचे कारण कोणास विचारले तर तो हसेल. चेंडू आपल्या माणसाकडे जावा, परक्याकडे जाऊ नये, यापलीकडे त्यात काय असावयाचे? खेळाच्या नियमावलीतील चौथा नियमही एवढेच सांगतो की, दोन्ही संघांचे रंग एकमेकांहून व पंचांच्या पोषाखाहून वेगळे ओळखू यावेत. परंतु उपयोगासाठी जन्मास आलेली वस्तू उपयोगापाशी थांबते असा अनुभव नाही. चार महिने एक रंग अंगावर वागविला की तो मुलांस आपला वाटू लागतो. आपला वाटला की त्याचा अभिमान येतो. आणि अभिमान आला म्हणजे तो कशाचा असावा व कशाचा नसावा, हा नीतीचा प्रश्न दाराशी येऊन उभा राहतो. आमच्या वऱ्हाडात हा प्रश्न हल्ली एका निराळ्याच रूपाने आला आहे, आणि वडील मंडळींचे तिकडे लक्ष गेलेले दिसत नाही.

अमरावती व अकोला येथे महाविद्यालयांचे आपसांत जे सामने होतात ते पाहावयास आम्ही पुष्कळ वर्षे जात आहो. फुटबॉल हा आमच्याकडील मानाचा खेळ नव्हे. १९१४ साली अमरावतीस सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली, तेव्हापासून तर कबड्डी व मल्लखांब यांच्यापुढे येथे इतर खेळांनी मान खाली घालावी अशीच रीत आहे. क्रिकेटविषयी बोलावयासच नको. विदर्भाने रणजी करंडक जिंकल्यापासून त्याचे वेड गल्लोगल्ली पोहोचले आहे. फुटबॉलच्या वाट्यास येते ते उरलेले मैदान आणि उरलेली मुले. म्हणूनच की काय, ही मुले आपल्या पोषाखाविषयी फार हळवी असतात. पूर्वी सामन्याच्या दिवशी जिमखान्याच्या खोलीतून सदरे मिळत. वहीत सही करावयाची, खेळ झाला की परत द्यावयाचे, धुऊन आले की पुढील सामन्यास पुन्हा तेच. मापाची चौकशी नसे. किरकोळ मुलगा त्यात बुडून जाई व धिप्पाड मुलाच्या काखेत तो उसवे. आता पुष्कळ ठिकाणी मुले आपसांत वर्गणी काढून स्वतःच्या जर्सी छापून घेतात. छातीवर महाविद्यालयाचे नाव, एखादे चित्र, कोठे कोठे एखाद्या शिकवणी-वर्गाची जाहिरात, पाठीवर क्रमांक, आणि क्रमांकाच्या वर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, ठळक अक्षरांत खेळाडूचे आडनाव.

चित्राविषयी दोनच शब्द. ते बहुधा वाघाचे किंवा गरुडाचे असते, आणि छापणाऱ्याने ते अमेरिकेतील एखाद्या कॉलेजच्या निशाणीवरून उचललेले असते. वाघ एक वेळ समजू शकतो. मेळघाट आमच्याच जिल्ह्यात आहे. पण तो वाघही मेळघाटातला दिसत नाही. त्याचे दात विचकणे परदेशी आहे. ज्या अमेरिकेकडून आम्ही ही हौस घेतली, तेथे या निशाण्यांचा इतिहास नुसता हौसेचा नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे खेळाडू अनेक वर्षे तेथील मूळ रहिवाशांचे व्यंगचित्र आपली खूण म्हणून मिरवीत असत. त्या रहिवाशांची मुले जेव्हा त्याच विद्यापीठात शिकावयास आली तेव्हा त्यांनी विचारले की, आम्ही जिवंत माणसे असताना तुम्ही आम्हांस वाघ-अस्वलांच्या पंक्तीस कसे बसविता? १९७२ साली विद्यापीठाने ती खूण सोडली, आणि आज तो संघ केवळ एका तांबड्या रंगाच्या नावाने ओळखला जातो. अंगावर काय छापावे याचा विचार ज्याच्या अंगावर ते छापले त्याच्यापुरता नसतो, पाहणाऱ्यापुरताही असतो, एवढे यातून घेण्यासारखे आहे.

कापडाविषयीही एक गोष्ट मनात येते ती सांगून टाकतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली व तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापसावर साऱ्या मँचेस्टरची दृष्टी लागली होती. पुढे १८८८ साली इंग्लंडात फुटबॉलचा पहिला संघसमूह स्थापन झाला, त्यातील १२ संघांपैकी ६ त्याच लँकेशायरचे, बहुतेक गिरणीगावांतले होते. आज त्याच कापसाच्या मुलखातील मुले जी जर्सी घालतात तिच्यात कापसाचा धागा नसतो; ती सारी पॉलिएस्टरची. घाम लवकर वाळतो, वजन कमी, भाव कमी, असे मुले म्हणतात, आणि ते खरेही असेल. ज्याच्या बापाच्या घरात कापूस भावाची वाट पाहत पडून आहे तो मुलगा हे म्हणतो तेव्हा मात्र ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते.

असो. संघाच्या रंगास जो मान येतो तो बहुधा योगायोगाने सुरू होतो. १८३६ साली केंब्रिजच्या नावेला शर्यतीपूर्वी कोणी तरी फिक्या निळ्या फितीचा तुकडा बांधला. तो त्या विद्यापीठाचा रंग झाला. १८५८ साली हार्वर्डच्या वल्हेकऱ्यांनी गर्दीत आपली नाव ओळखू यावी म्हणून तांबडे रुमाल विकत घेतले. त्या वल्हेकऱ्यांपैकी चार्ल्स एलियट पुढे ४० वर्षे त्या विद्यापीठाचा अध्यक्ष होता, आणि तो किरमिजी रंग १९१० साली रीतसर विद्यापीठाचा ठरला. फितीचा तुकडा व रुमाल यांत स्वतःची अशी काय थोरवी आहे? थोरवी असलीच तर ती एवढीच की, तो रुमाल नावेतल्या कोणा एकाचा नव्हता. आमच्या विद्यापीठात आंतरविद्यापीठीय सामन्यांत खेळून आलेल्या विद्यार्थ्यास ‘कलर कोट’ मिळतो, व त्यास आयुष्यभर ‘कलर होल्डर’ म्हणतात. खेड्यापाड्यांत या दोन इंग्रजी शब्दांचा अर्थ विचाराल तर पुष्कळांस सांगता येणार नाही. पण लग्नाच्या बोलणीत ते शब्द उच्चारले जातात आणि त्यांचे वजन पडते. विद्यापीठाचा रंग याने अंगावर घेतला होता, म्हणजे हा काही काळ तरी केवळ आपल्या घराण्याचा नव्हता, असा तो मान आहे.

अंगावर एक रंग घेणे म्हणजे थोडा वेळ आपले वेगळेपण खाली ठेवणे होय, असे आम्ही समजतो. दरवर्षी शेगावची पालखी अकोल्यावरून पंढरपुरास जाते. शुभ्र वेषातील वारकरी, हाती पताका, ओळीने चाललेले. रस्त्याच्या कडेस उभे राहून पाहणाऱ्यास त्यात सावकार कोण व शेतमजूर कोण हे निवडून काढता येत नाही. गणवेशाचे नैतिक काम हेच. आणि म्हणून पाठीवरील आडनाव आम्हांस खटकते.

क्रमांक हा फार जुना नाही. इंग्लंडातील मोठ्या सामन्यांत १९२८ साली प्रथम दोन मैदानांवर एकाच दिवशी खेळाडूंनी पाठीवर आकडे घातले; १९३३ सालच्या अंतिम सामन्यात एका संघास १ ते ११ व दुसऱ्यास १२ ते २२ असे दिले होते. प्रेक्षकांची सोय, यापलीकडे हेतू नव्हता. नावे त्याच्या पुष्कळ नंतर आली. बेसबॉल खेळणाऱ्या शिकागोच्या एका संघाने १९६० साली ती छापली, आणि इंग्लंडच्या वरिष्ठ फुटबॉल स्पर्धेत ती १९९३ पासून नेमाने दिसू लागली. दूरदर्शनवर पाहणाऱ्यास खेळाडू ओळखता यावा आणि त्याच्या नावाचा सदरा दुकानात खपावा, असे दुहेरी कारण त्यामागे होते. तिकडे आडनाव म्हणजे केवळ ओळख. आमच्याकडे तसे आहे काय?

महाराष्ट्रात आडनाव वाचले की वाचणाऱ्याच्या मनात एक कोष्टक आपोआप उघडते. काही आडनावे मुळी आडनावे नव्हेतच, हुद्दे आहेत. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी ही वतनाची नावे वतन गेल्यावरही उरली. काही गावांवरून पडली, काही धंद्यावरून, काही कोणी तरी थट्टेने ठेवली ती चिकटली. ‘आपण कुठले?’ असा आपल्याकडे जो सभ्य प्रश्न विचारतात, त्याच्या पोटात दुसराच प्रश्न असतो हे विचारणाऱ्यास व ऐकणाऱ्यास दोघांसही ठाऊक असते. पाठीवरच्या ठळक अक्षरांनी तो प्रश्न विचारण्याचेही श्रम वाचविले. आम्ही प्रेक्षकांत बसून ऐकले आहे: चेंडू कोणी गमावला की मागच्या रांगेतून पाठ वाचली जाते, आणि मग जो शेरा येतो तो खेळावर नसतो.

एकदा एका सामन्यास दोन्ही संघ निळ्याच जर्सी घालून आले. पंचांनी नाणे उडवून एकास पोषाख बदलावयास सांगितले. दुसरा पोषाख कोणापाशी असणार? तेव्हा त्या अकरा जणांनी मैदानावरच जर्सी उलट्या करून घातल्या. असल्या छापील कापडाची आतली बाजू पांढरी असते. आडनावे, आकडे, वाघ, शिकवणी-वर्ग सारे आत, अंगाला लागून गेले, आणि बाहेर अकरा कोऱ्या पाठी राहिल्या. पहिली दहा मिनिटे प्रेक्षकांची तारांबळ उडाली. नंतर हळूहळू माणसे धावण्यावरून, वळण्यावरून, डाव्या पायाच्या लकबीवरून ओळखू येऊ लागली; ‘तो उंच’, ‘तो डावरा’ असे बोलणे सुरू झाले. मागची रांगही तसेच बोलू लागली. त्या दिवशी जो शेरा आला तो निदान पायांवर तरी आला.

हे आम्ही वर्गात मोठ्या समाधानाने सांगितले, आणि तात्पर्यही सांगितले की, पाठीवर आकडा पुरे, आडनाव नको. तास संपल्यावर त्या वर्गातील एक मुलगा, जो स्वतः फुटबॉल खेळतो, मागे थांबला. तो म्हणाला, “सर, राग नसावा. आमच्या घराण्याचे आडनाव आजवर दोनच ठिकाणी छापलेले पाहिले: शाळेच्या दाखल्यावर आणि सरकारी यादीत. मागच्या महिन्यात गोल झाल्यावर लोकांनी ते माझ्या पाठीवर वाचून ओरडून म्हटले. माझी आई कुंपणापाशी उभी होती. तुम्ही म्हणता ते काढून टाका. ज्यांचे आडनाव गावच्या वेशीवर कोरलेले आहे त्यांना ते काढायला काय जाते?”

या प्रश्नापाशी आमचा विचार बराच काळ अडून राहिला, आणि वाचकांनीही तेथे थोडे थांबावे अशी आमची इच्छा आहे. वेगळेपण खाली ठेवणे हा सद्गुण खरा. परंतु ज्याच्या हाती ठेवण्यासारखे पुष्कळ आहे आणि ज्याच्या हाती आत्ताच कोठे काही आले आहे, त्या दोघांकडून एकाच शब्दांत त्याग मागणे ही समता नव्हे. निनावी होण्याचे सुख ज्याला नाव आहे त्याला. ज्याच्या पूर्वजांस कोणी नावाने हाकच मारली नाही, त्याला निनावी राहण्याचा उपदेश नवा वाटत नाही.

तथापि त्या मुलाच्या बाजूनेही एक विचार करणे प्राप्त आहे. टाळ्यांनी नावास जी प्रतिष्ठा येते ती कुंपणाबाहेर किती चालते? पालवणकर बाळू हा गोलंदाज चर्मकार समाजात जन्मलेला. पुण्यास त्याच्या गोलंदाजीवर हिंदूंचा संघ सामने जिंकी. मैदानावर त्याच्या अंगावर इतरांसारखाच पांढरा पोषाख असे, चेंडूही सर्वांच्या हातून त्याच्याकडे येई. पण चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ साली तो इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला व तेथे शंभरावर बळी मिळवून आला. त्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते. तरीही संघाचे नायकत्व त्याला मिळाले नाही. ते त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला १९२३ साली मिळाले, आणि तेही पुष्कळ वादावादीनंतर. सारखा पोषाख आणि गाजलेले नाव, दोन्ही असून भांडे वेगळेच राहिले. तेव्हा पाठीवर आडनाव छापल्याने जात जाईल असे त्या मुलाने समजू नये, आणि ते पुसल्याने जाईल असे आम्हीही समजू नये.

मग पाठीवर काय असावे हा प्रश्न क्षुल्लक ठरला काय? तसे आम्हांस वाटत नाही. अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल-संघ पिढ्यान्पिढ्या कोऱ्या पाठीने खेळत असे. तेथील एका माजी शिक्षकाच्या घोर अपराधामुळे विद्यापीठावर बंदीची शिक्षा आली, आणि खेळाडूंस इतरत्र जाण्याची मोकळीक मिळाली. जे गेले नाहीत त्यांचा सन्मान म्हणून २०१२ साली त्यांची नावे जर्सीवर आली. २०१५ साली ती पुन्हा काढण्यात आली. आमच्या मते दोन्ही गोष्टी योग्य होत्या. एकदा नाव लिहिणे हा न्याय होता, आणि तो पुरता झाल्यावर नाव पुसणे ही रीत होती. कोणाचे नाव केव्हा लिहावे व केव्हा खाली ठेवावे, यास एकच कायमचा नियम करता येत नाही. कोणावर काय ऋण आहे ते आधी पाहावे लागते.

आमच्या विद्यापीठास ज्या पुरुषाचे नाव आहे त्याच्याकडे या दृष्टीने पाहावे. शेंडगावी परिटाच्या घरी जन्मलेल्या डेबूजीचे आडनाव जानोरकर, हे वऱ्हाडातील शिकलेल्या माणसांतही थोड्यांस माहीत असते. अंगावर चिंध्यांचा सदरा, डोक्यावर फुटक्या मडक्याचे खापर, हाती झाडू. त्या गाडग्यावरून लोकांनीच त्यांस नाव दिले. पोषाखच नाव झाला आणि आडनाव गळून पडले, असे हे उदाहरण आहे. १९५६ साली वलगावापाशी त्यांनी देह ठेवला. १९८३ साली अमरावतीस विद्यापीठ झाले व पुढे त्यास त्यांचे नाव मिळाले. आज त्या विद्यापीठाचा संघ परप्रांती खेळावयास जातो तेव्हा ‘संत गाडगे बाबा’ ही अक्षरे अंगावर घेऊन जातो. कोणी म्हणतात, संताचे नाव घामाने व चिखलाने माखते हे बरे नव्हे. ज्याने जन्मभर दुसऱ्यांची घाण झाडली त्याच्या नावास आषाढातील काळ्या चिखलाने कमीपणा कसा येईल? त्याच अक्षरांच्या मागे, दुसऱ्या बाजूस, आपापल्या घराण्याची पाटी लावून फिरणे मात्र आम्हांस विसंगत वाटते.

अमरावती व अकोला येथील कित्येक महाविद्यालये ज्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेची आहेत तिचे संस्थापक डॉ. पंजाबराव देशमुख यांचे वर्तन येथे लक्षात घेण्याजोगे आहे. १९३२ साली संस्था काढण्यापूर्वीच त्यांनी अमरावतीस सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहून जेवावे म्हणून श्रद्धानंद छात्रालय चालविले, आणि अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे या चळवळीत ते पुढे होते. ज्याच्या आडनावास गावात पहिला मान, त्याने पंक्तीचा भेद आधी मोडला. हा क्रम महत्त्वाचा आहे.

म्हणून आमची सूचना अशी. संघात ज्यांची आडनावे वतनाची व मानाची आहेत, त्यांनी ती यंदा आपण होऊन काढावी. ज्याला आपले आडनाव टाळ्यांत ऐकावयाचे आहे त्याला ते खुशाल ठेवू द्यावे. त्याने काढावे की न काढावे हे त्याचे त्याने, त्याला योग्य वाटेल तेव्हा ठरवावे. इतरांच्या पाठी कोऱ्या असताना एकाच्या पाठीवर नाव राहिले तर ते उठून दिसेल व त्याला अवघड वाटेल, अशी शंका एका सहाध्यापकाने काढली. शंका रास्त आहे. त्यावर मुलांनीच एक तोड सुचविली ती अशी की, मैदानात चेंडू मागताना सोबती ज्या हाकेने बोलावतात ती हाक पाठीवर छापावी. कोणाचे पहिले नाव, कोणाचे टोपणनाव, कोणाचे आडनावच. ब्राझीलचे खेळाडू असेच करीत आले आहेत. यात हाक मारणाऱ्यांचीही परीक्षा होते, कारण काही हाका छापून पाहिल्यावाचून त्यांतील विखार कळत नाही.

आणि महाविद्यालयांनी सदरे पुन्हा स्वतःच्या खर्चाने द्यावे. आम्हांस असा एक मुलगा ठाऊक आहे की, जर्सीच्या वर्गणीचे पैसे देता न आल्याने, गुडघा दुखतो असे सांगून तो सबंध हंगाम बाहेर बसला. सदरे संस्थेचे असावे, हंगाम संपला की जमा करून घ्यावे, आणि पुढील वर्षी नव्या मुलांस द्यावे. अशा सदऱ्यावर कोणाचेच आडनाव छापता येत नाही, कारण यंदाचा ७ क्रमांक पुढल्या वर्षी कोण घालील हे कोणासच माहीत नसते. जिमखान्याच्या वहीत मात्र प्रत्येक क्रमांकापुढे पूर्ण नाव, वडिलांचे नाव व आडनाव लिहून सही घ्यावी. तसल्या जुन्या वह्या आम्ही चाळल्या आहेत, आणि एकाच क्रमांकाखाली वर्षानुवर्षे किती निरनिराळ्या घरांतील मुले येऊन गेली ते त्यांत ओळीने वाचावयास मिळते.